माझा समोरचा

शांतवन,

पाळकसाहेबांनी तुझ्याविषयी चार शब्द लिहून मागितले आहेत. तुझा जन्म, एसटीतली नोकरी, रूथवहिनी आधी गेल्या ते, मुलगा नाशिकला असतो ते, हे सगळं त्यांच्याकडे आहे आणि मंडळीच्या मासिकाला तेवढं पुरतं. मला लिहायचं आहे ते वेगळं आहे. ते छापायचं की नाही हे त्यांनी ठरवावं. तुला मातीआड करून आठवडा झाला. या आठवड्यात धाटावला कामावर गेलो, रोह्याला घरी येऊन जेवलो, झोपलो, आणि कुणाशी मनातलं काही बोललो नाही. जे बोलायचं होतं ते तुझ्याशीच होतं.

आधी आपल्या चर्चविषयी सांगतो. तुला सांगायची गरज नाही. पण पेणच्या आपल्या मंडळीत आता जी नवी घरं आली आहेत त्यांनी ते जुन्या मांडणीत पाहिलेलं नाही, आणि ते कळल्याशिवाय मी काय केलं हे कुणाला कळणार नाही.

बाहेरून ते चर्च वाटतच नाही. मनोरा नाही, घंटा नाही, दारावर क्रूस नाही. लांबट इमारत, जाड भिंती, मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर, आणि पुढच्या अंगाला एकसारखी दोन दारं. ज्या साहेबलोकांनी ते बांधलं ते त्यांच्या मुलखात राजाचं चर्च न मानणारे होते. बिशप नको, वेदी नको, रंगीत काचा नकोत. माझे वडील सांगायचे, या लोकांना एके काळी तिकडे उघडपणे जमायची बंदी होती, तेव्हा ते एकमेकांच्या घरी जमून उपासना करायचे. पुढे मोकळीक मिळाली तरी बांधताना त्यांनी घरच बांधलं. हे कितपत खरं ते मी कधी तपासलं नाही, पण आत गेलं की पटायचं. व्यासपीठ टोकाच्या भिंतीला नव्हतं, लांब भिंतीच्या मधोमध होतं. सागवानी, उंच, बाजूनं पायऱ्या, आणि आवाज वर विरून जाऊ नये म्हणून डोक्यावर लाकडाची छत्री. खाली प्रभुभोजनाचं मेज. मेजाच्या तीन बाजूंना बाकं. समोरची थोडी बाकं लेकुरवाळ्या बायकांसाठी. डावीकडची आणि उजवीकडची मात्र एकमेकांकडे तोंड करून. रामवाडीची घरं डावीकडच्या दारानं येऊन डावीकडे बसायची, गावातली उजवीकडे. खिडक्यांच्या काचा साध्या असल्यामुळे सकाळचा उजेड सरळ माणसांच्या तोंडांवर पडायचा. पाळकसाहेब दिसायला मान वळवावी लागायची. मान न वळवता दिसायचा तो समोरच्या बाकावरचा माणूस.

माझ्यासमोर तू होतास. तुझ्या वडिलांसमोर माझे वडील. आपल्याकडे ओळख करून देताना माणसं सरळ म्हणायची, हा माझा समोरचा. भाऊ नाही, सोयरा नाही, समोरचा. आणि समोरच्याचं एक काम ठरलेलं होतं. रविवारी समोरची जागा रिकामी दिसली तर दुपारी जेवण झाल्यावर त्याच्या घरी जायचं. हातात काही न्यायचं नाही, चौकशीचा आव आणायचा नाही. दारात उभं राहून विचारायचं, "काय, नाय आलात?" एवढंच. ताप असो, भांडण असो, दारू असो, काय असेल ते पुढे आपोआप निघायचं. हा नियम कुणी केला, कधी केला, कुणाला माहीत नव्हतं. बाकं तशी होती म्हणून तो होता, हे मला आता कळतं.

लहानपणी या बसण्याचा आपण वेगळाच उपयोग केला. लांबलचक प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे आणि उघडे फक्त आपल्या दोघांचे. तू नाकपुड्या फुगवायचास. मी हसू दाबताना आईचा चिमटा खायचो, आणि तिचे डोळे मिटलेले असून तिला कसं कळतं याचं मला फार नवल वाटायचं. पुढे मला रोह्यात नोकरी लागली, घरही तिकडे झालं, पण रविवारी मी पेणलाच यायचो. बायको म्हणायची, रोह्यात उपासना होत नाहीत का. होतात. पण तिथे समोर कुणी नव्हतं.

कंपनी बंद पडली होती ते महिने तुला आठवत असतील. मी चर्चला येणं सोडलं होतं. काम नसलेल्या माणसाला उजेडात बसून लोकांच्या तोंडांकडे बघायची लाज वाटते. पहिल्याच रविवारी तू रोह्याच्या दुपारच्या गाडीची ड्युटी मागून घेतलीस आणि मधल्या वेळात माझ्या दारात खाकी कपड्यांत उभा राहिलास, गळ्यात तिकिटाचं मशीन तसंच.

"काय रे, नाय आलास?"

"बरं नव्हतं."

"बरं नव्हतं तं तोंडावर दिसतंय. ऐक, तू नसलास की तुझ्या जागी मला भिंत दिसते. भिंत बघायला मी रविवारी दाढी करून नाय येत."

मी हसलो नाही. तू पाणी प्यायलास, माझ्या लहानग्या कृपाच्या हातावर लिमलेटची एक गोळी ठेवलीस, गाडी सुटायची वेळ झाली म्हणून निघालास. पुढच्या रविवारी मी आलो. तू माझ्याकडे बघून नाकपुड्या फुगवल्यास. तेव्हा आपण दोघं चाळिशीत होतो. शांतवन, त्या दिवसाबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आता मानतो आहे, पण याचा तुला काही उपयोग नाही.

मग कृपाचं लग्न ठरलं. मुलगा मुंबईचा, घर मोठं, त्यांचं चर्चही मोठं, दगडी, उंच कमानींचं. बोलणी झाल्यावर मुलाची आई आपलं चर्च बघायला आली. स्टेशनवरून तिनं रिक्षा केली तर रिक्षावाला म्हणाला, "चर्च? हितं चर्च नाय हाय. पाद्र्याची वखार हाय, तिकरं सोरू का?" हे तिनंच हसत हसत सांगितलं, वाईट मनानं नव्हे. पण आत येऊन तिनं चारही बाजूंना पाहिलं आणि विचारलं, "हा हॉल झाला. चर्च कुठे आहे?"

त्या वेळी मला आपल्या बापजाद्यांच्या त्या घराची लाज वाटली. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. व्हिडिओवाल्यानं तर हातच टेकले. त्याला मधली वाट हवी होती आणि आपल्याकडे मधली वाट नव्हतीच. नवरीनं उजवीकडच्या दारानं यायचं, बाकांमधून अंग चोरत मेजापाशी जायचं. माझी आई तशीच गेली होती, रूथवहिनीही तशाच. कृपा रात्री रडली. म्हणाली, "बाबा, माझं लग्न आहे, आणि मी लोकांचे गुडघे ओलांडत जाऊ?"

मंडळीचा सेक्रेटरी मीच. कमिटीत विषय मी काढला. बाकं फिरवून सगळी एका दिशेला करायची, मधे वाट ठेवायची, टोकाच्या भिंतीला चौथरा करायचा, व्यासपीठ काढून तिकडे न्यायचं. तू तेव्हा जे बोललास ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"भास्कर, तू एसटीत बसतोस ना?"

"तुझ्याच गाडीत बसलोय की किती वेळा."

"मग सांग, बसल्यावर तुला काय दिसतं? पुढच्याचं टक्कल. माझा जन्म गेला पाठमोरी डोकी मोजण्यात. रविवारी तरी मला तोंडं बघू दे. नायतर एक काम करा, पाळकसाहेबांना स्टिअरिंग द्या आणि मला घंटी."

सगळे हसले. पाळकसाहेबही हसले. मी पण हसलो आणि मग मला राग आला, कारण हसून झाल्यावर लोक तुझ्या बाजूनं झुकायला लागले होते. मी म्हणालो, एका दिवसाचा प्रश्न आहे, पोरीचं लग्न आहे.

"एक दिवसाला मी नाय म्हणतच नाय. कृपा माझी पण पोर हाय. पण काढलेलं परत बसत नाय, हे आत्ताच सांगून ठेवतो."

"मी बसवीन."

"तू? घरातला पंखा लावायला तू कंपनीचा फिटर बोलावतोस."

पुन्हा हशा झाला. मी तेव्हा सगळ्यांसमोर बोललो की लग्न झालं की बाकं होती तशी होतील, माझी जबाबदारी. मग तू गप्प बसलास. तुझं समाधान झालं म्हणून नव्हे. मी शब्द दिला म्हणून.

व्यासपीठ भिंतीत किती खोल बसवलं होतं ते सुतारानं ओढायला लागल्यावर कळलं. पायऱ्या सुट्या झाल्या, छत्री उतरवताना तिला उभी चीर गेली. तू लग्नाला आलास, पांढरा सदरा घालून, आणि कृपा मधल्या वाटेनं माझ्या हाताला धरून चालत गेली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तू पहिला होतास. लोक म्हणाले, आता कसं चर्चसारखं चर्च वाटतं. तिची सासू म्हणाली. पेणमधले आपले शेजारी म्हणाले. पुढच्या रविवारी कुणीतरी समोरच्या भिंतीवर पडदा लावून त्यावर गीतांचे शब्द दाखवले, तेव्हा तरुण मुलं खूश झाली. लांब भिंत आता मोकळी होती, तिच्यावर दोन एसी बसले. मग पाळकसाहेबांनी विचारलं, बाकं पुन्हा फिरवायची की अशीच ठेवायची? अशीच ठेवायची असतील त्यांनी हात वर करा.

पहिला हात माझा होता.

का केला ते मी स्वतःला पुष्कळ विचारलं. सासू पुन्हा येईल तेव्हा तिला पुन्हा हॉल दिसू नये, हे एक. लोकांच्या कौतुकात आपला वाटा आहे असं वाटत होतं, हे दुसरं. आणि तिसरं, तुला हरवायचं होतं. त्या सभेत तू शेवटच्या बाकावर होतास, मी पहिल्या. मी मागे वळून तुझ्याकडे पाहिलं नाही. पूर्वीची बाकं असती तर न वळता दिसला असतास, आणि तुझ्या तोंडाकडे बघत तो हात वर गेला नसता.

तू भांडला नाहीस. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायला लागलास. कुणी पुढे बोलावलं तर म्हणायचास, "कंडक्टरची सीट मागंच असते." माझ्याशी सलाम चालू राहिला, पण फक्त सलाम. मला वाटायचं, निवळेल. नातवंड झालं की कृपाला घेऊन तुझ्याकडे जाईन. असं वाटण्यात वर्ष गेलं. मी पहिल्या बाकावर बसून पडद्याकडे बघत होतो आणि माझ्या पाठीमागे तू वाळत चालला होतास.

नाताळच्या उपासनेला तू होतास का? मला आठवत नाही. चार जणांना विचारलं. एक म्हणाला, "होता, मी पाहिलं." एक म्हणाला, "नव्हता, नाशिकला गेला होता." बाकी दोघांना सांगता आलं नाही. तू नाशिकला गेलाच नव्हतास. मुलाला फोनवर म्हणत होतास, मी ठीक आहे, तू सुट्टी काढू नको. शेवटी शेजाऱ्यांनी गाडी करून अलिबागच्या इस्पितळात न्यायला घेतलं आणि तू वाटेतच गेलास. मला कळलं ते पाळकसाहेबांच्या फोनवरून, कंपनीच्या गेटवर. मी विचारलं, "आजारी होता?"  ते म्हणाले, "भास्करराव, मीही तेच विचारतोय सगळ्यांना."

तुझी पेटी मधल्या वाटेत ठेवली होती. पूर्वी पेटी मेजापाशी असायची आणि तिन्ही बाजूंची माणसं एकमेकांना रडताना बघायची. कुणाचं तोंड वेडंवाकडं झालं तर त्याच्या समोरच्यालाही आवरायचं नाही, असं सगळं चर्च एकदमच रडायचं. या वेळी सगळे पुढे बघत होते. मी रडलो नाही. ते कुणाला दिसलंही नाही.

मातीहून आल्यावर तुझ्या मुलाबरोबर रामवाडीला तुझ्या घरी गेलो. शेजारच्या पार्वतीकाकू तुझी भांडी घासून आवरत होत्या. शेवटचे दोन महिने तुझं खाणंपिणं त्यांनीच पाहिलं. मला बघून म्हणाल्या, "तुमी चर्चवाले का?"

मी हो म्हणालो.

"यायचं व्हतं की कवातरी. रईवारचं दुपारी दार उघरं ठेवायला सांगायचे. मी बोलली, कुत्रं शिरतं, माश्या येतात. ऐकनार नाय. बोलायचे, काकू, रईवार हाय, येल कोनतरी. दाढी करून बसायचे खुर्चीत. मागाहून उठता येईना तं मीच दार उघरायची."

"कोण येणार, असं काही म्हणाले का?"

"नाव नाय घेतलं. मी तरी कशाला इचारू? मानसाला वाटतं कोनतरी यावं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुमी त्यांचं कोन?"

शांतवन, मी म्हणालो, "मंडळीतला."

मला तुझा रागही येतो, तो लपवत नाही. तुझ्याकडे फोन होता. माझा नंबर होता. भास्कर, ये, एवढं म्हणाला असतास तर मी शिफ्ट टाकून आलो असतो, असं मी रोज स्वतःला सांगतो. मग वाटतं, तू कशासाठी म्हणायचं? मी कंपनी बंद असताना तुला बोलावलं होतं का? बोलावून आलेला माणूस पाहुणा असतो. तुला पाहुणा नको होता. तू दाढी करून बसलास आणि माझी वाट बघितलीस, कारण बाकं फिरली तरी तुझ्या हिशेबी मी अजून समोरच होतो. किंवा तसं नसेल. तू आणखी कुणाची वाट बघत असशील, मुलाची, पाळकसाहेबांची. तसं असावं असं मला कधी कधी फार वाटतं. पण रविवारची दुपार होती.

काल रविवार होता. उपासना सुटल्यावर मी उभा राहून बाकांचा विषय काढला. म्हणालो, पूर्वीसारखी करू या, मी शब्द दिला होता. कुणी विरोध केला नाही, ते फार वाईट होतं. कुणीतरी म्हणालं, एसीची पाइपलाइन त्या भिंतीत आहे. कुणी म्हणालं, चौथऱ्याच्या फरशा फोडाव्या लागतील, पावसाळ्यानंतर बघू. मी मागच्या खोलीत जाऊन आलो. व्यासपीठाच्या पायऱ्या तिथे आहेत, छत्रीला वाळवी लागली आहे, हात लावला तर भुगा पडतो. नव्या घरांतला एक तरुण मुलगा, चांगला मुलगा आहे, गिटार वाजवतो, मला समजावत म्हणाला, "अंकल, एकमेकांची तोंडं काय बघायची? आणि आधी फिरवलीत ती तुम्हीच ना?" तो चिडवत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं की मी काय मागतो आहे.  ज्याला कधी समोरचा नव्हता त्याला समोरचा म्हणजे काय हे कसं सांगायचं?

आणि समजा फिरवली. सगळी जशीच्या तशी बसवली. माझ्यासमोर कोण बसेल?

मी सगळ्यांना सलाम केला आणि गाडी काढली. दुपारच्या शिफ्टला पोचायचं होतं. नागोठणं मागे टाकून भिसे खिंडीच्या चढाला लागलो आणि तेव्हा लक्षात आलं की योहानमामा आज दिसले नाहीत. ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत येणारे, एकटेच राहणारे. आले होते की नव्हते, ते मला सांगता येईना. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि डोळे मिटून सगळी बाकं आठवून पाहिली. मला एकही तोंड आठवलं नाही. माझ्यापुढे पडदाच होता.

परत फिरलो असतो तर तासाभरात त्यांच्या दारात असतो. मी तिथे उभा राहिलो, ट्रक जात होते, येत होते. मग स्वतःला सांगितलं की ते मागे कुठेतरी बसले असतील. गाडी चालू केली, धाटावला गेलो, शिफ्ट केली.

हे सगळं तुला लिहितो आहे, शांतवन, आणि योहानमामांना मी अजूनही फोन केलेला नाही.

भास्कर